पाहुणीला अख्खं घर

आमच्या ज्युनिअर कॉलेजात परदेशातून मुलं आली की सगळ्यात आधी त्यांची डोकी बांधली जातात. फाटकातच हलगीवाले उभे असतात, शेजारी फेटेवाला टेबल मांडून बसलेला असतो, आणि बसमधून उतरलेल्या प्रत्येक पोराला धरून त्याच्यापुढच्या खुर्चीत बसवलं जातं. त्या वर्षीची जर्मन मुलं विमानानं पुण्याला आणि तिथून बसनं कोल्हापुरात, अशी अर्धमेली होऊन पोचली होती. निम्म्यांना आधी बाथरूमला जायचं होतं. पण अध्यक्षांचं भाषण फेट्यांनंतर होतं आणि बाथरूम भाषणानंतर. एक उंच मुलगा, फेटा भुवयांवर उतरलेला, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत कसाबसा उभा होता. त्याच्या मागे फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘परस्पर सामंजस्याकडे’. मी त्याला हाताला धरून रांगेतून काढलं आणि बाथरूम दाखवलं. त्या दिवशी दोन देशांत झालेलं सामंजस्य माझ्या मते तेवढंच.

मी तिथे भूगोल शिकवते. इंग्रजी बरं आहे आणि नको असलेल्या कामाला नाही म्हणायला मला नेहमी उशीर होतो, या दोन गुणांवर मला या उपक्रमाची समन्वयक केलं गेलं. तास कमी झाले नाहीत, फक्त साडीला लावायला एक बिल्ला मिळाला.

उपक्रम मुळात चांगला आणि सोपा आहे. जर्मनीतल्या एका छोट्या गावची शाळा आणि आमचं कॉलेज यांच्यात मुलांच्या जोड्या लावायच्या. तिकडची मुलगी नोव्हेंबरात येऊन इकडच्या मुलीच्या घरी तीन आठवडे राहणार, आणि इकडची उन्हाळ्यात तिच्या घरी जाऊन राहणार. ज्या घरी पाहुणी नीट राहिली, त्या घरची मुलगी जाणार, नाही राहिली तर नाही. तिकीट तिकडची शाळा काढते, त्यामुळे ऐपतीचा प्रश्न येत नाही. घरासाठी अटी तीनच होत्या: पाहुणीला स्वतःचं अंथरूण, स्वच्छ संडास-बाथरूम, आणि रात्री घरात मोठं माणूस. स्वतंत्र खोली पाहिजे असं कुठंही म्हटलं नव्हतं. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ या नसलेल्या अटीनं घातला.

निवडीत पहिली आली ती गडमुडशिंगीची एक मुलगी. अकरावीत होती, बोलायला धीट आणि भूगोलात माझ्याशी वाद घालणारी. नकाशात दिसतं त्यापेक्षा ओढा भलतीकडून वाहतो, असं तिनं एकदा मला भर वर्गात सांगितलं होतं आणि ते खरं होतं. वडील एमआयडीसीत फाउंड्रीत, आई घरी शिवणकाम करायची, धाकटा भाऊ, आजी. घर दोन खोल्यांचं आणि मागे न्हाणी. मी स्वतः जाऊन पाहून आले. संडास आमच्या स्टाफच्या संडासापेक्षा स्वच्छ होता. आजीनं मला चहा दिला, वर विचारलं, पावणी चहा पिते का, का तिला दूध तापवून ठेवायचं.

समितीच्या बैठकीत मात्र सगळ्यांचे चेहरे लांब झाले. गाव लांब पडतं, असं एक जण म्हणाले. गडमुडशिंगी लांब! आमचे निम्मे विद्यार्थी रोज त्याच बाजूनं येतात. दुसऱ्यांना कुत्र्यांची काळजी वाटली, तिसऱ्यांना डासांची. घर लहान आहे, हे सगळ्यांनी आळीपाळीनं सांगितलं. अध्यक्ष शेवटी बोलले. संस्थेचे अध्यक्ष आहेत, त्यांना सगळे दादा म्हणतात, वयानं माझ्याहून लहान आहेत.

“मॅडम, पाहुणे आपल्या घरातून आपली परीक्षा करतात. संस्थेची म्हणून एक इभ्रत असते.”

कारणं सगळी दिली गेली, एक सोडून. ते एक कारण त्या घराच्या भिंतीवर होतं, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीत, आणि बैठकीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. कुणी बोललं नाही, म्हणून मलाही त्याचं उत्तर देता येईना. डासांचं उत्तर देता येतं. मी मच्छरदाणी देते म्हणाले.

तेवढ्यात माझ्या कामाला पाहुणीच आली. येणाऱ्या मुलींपैकी एकीनं आधीच कळवलं होतं की शक्य असेल तर मला गावात राहायला आवडेल, माणसं असलेल्या घरात. तिकडून आलेली इच्छा म्हटल्यावर समितीला मोडवेना. आपल्या मुलीची इच्छा मोडायला आम्हाला एक मिनिट पुरतं, परदेशी पाहुणीची मोडायला धीर होत नाही. अध्यक्ष म्हणाले, “ठीक आहे. बघू.” त्यांच्या ‘बघू’चा मला चांगला अनुभव होता, तरी मी तेव्हा त्याकडे लक्ष दिलं नाही. जोडी लागली, हेच मोठं होतं.

पहिल्या आठवड्यात मला खरं तर दम घ्यायला वेळ नव्हता. कारण गावभर सत्कार. रोज एक संस्था, एक मंडळ, एक बँक, एक माजी कुणीतरी. सकाळी शाल आणि नारळ, संध्याकाळी शाल आणि नारळ. त्या मुलांना कोल्हापूर म्हणजे एक लांबलचक व्यासपीठ वाटत असणार, समोर पंखे आणि मागे फलक. मी वेळापत्रकात दोन दिवस मोकळे ठेवले होते, पोरांनी पोरांबरोबर नुसतं भटकावं म्हणून. एका दिवशी वारणानगरला दूध संघ दाखवायचं ठरलं, तिथेही दूध दिसायच्या आधी सत्कार झाला, आणि दुसरा दिवस पेठ वडगावच्या एका मंडळानं परस्पर घेतला. आठपैकी पाच मुलं मांस खात नाहीत, हे मी सगळ्या घरांना सांगितलं होतं. तरी एका घरी मटण केलंच. यजमानीणबाई म्हणाल्या, “अहो मॅडम, न्हाय खात म्हणजे काय, लाजत असतील.”

मुलांबरोबर एक जर्मन शिक्षिका आल्या होत्या. माझ्याच वयाच्या, केस आखूड, हातात कायम पाण्याची बाटली. त्यांना सगळं ठरल्याप्रमाणे लागायचं आणि आमच्याकडे काहीच ठरल्याप्रमाणे व्हायचं नाही, त्यामुळे आमचं दोघींचं फार जमत नव्हतं. मी त्यांना मनात ‘जर्मन बाई’ म्हणायची. त्या मला काय म्हणत असतील ते मला माहीत नाही, पण बिल्ल्यावरचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

शनिवारी त्या प्रत्येक मुलाला लायब्ररीत बोलावून कसं चाललंय ते विचारणार होत्या. मी शेजारच्या स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसले होते. गडमुडशिंगीच्या घरातली पाहुणी बाहेर पडली आणि तिच्यामागून जर्मन बाई थेट माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. चेहरा पांढरा. म्हणजे आधीपासून होताच, पण आता वेगळा पांढरा. त्यांनी शांतपणे, एकेक वाक्य तोडून सांगितलं. पाहुणीच्या घरी रात्री कुणी नसतं. रोज जेवण झालं की आई, भाऊ, आजी, सगळे निघून जातात आणि सकाळी उजाडता परत येतात; वडील तर रात्री दिसतच नाहीत. तिची जोडीदार आत स्वयंपाकाच्या खोलीत झोपते, पाहुणी बाहेरच्या खोलीत. आणि रात्री दाराबाहेर कुणीतरी पुरुष खोकतो. पाहुणीनं दोनदा जोडीदारणीला विचारलं, बाहेर कोण आहे. ती म्हणाली, कुणी नाही. तेव्हापासून पाहुणी दाराला खुर्ची लावून झोपते.

मी म्हटलं, असं होणार नाही. त्या म्हणाल्या, असं झालं आहे. अट मोडली आहे, मुलीला आजच हलवलं पाहिजे आणि ही जोडी रद्द धरली पाहिजे.

जोडी रद्द म्हणजे गडमुडशिंगीची मुलगी जाणार नव्हती. मला दुसरं काही सुचायच्या आत प्राचार्यांचा निरोप आला, खाली या. खाली अध्यक्ष बसलेले होते. ही बातमी लायब्ररीतून खाली माझ्याआधी कशी पोचली, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. अध्यक्षांच्या भावाच्या ताराबाई पार्कातल्या बंगल्यावर एक खोली तयार होती, एसीसकट. भावाची मुलगी आमच्याच कॉलेजात होती, निवडीत ती बरीच खाली आली होती.

“जागा कशाला वाया घालवायची, मॅडम?” अध्यक्ष म्हणाले. “आपलीच पोरगी जाईल.”

पहिलीही आपलीच होती, असं मी म्हटलं. प्राचार्य पंख्याकडे बघत राहिले. मी वर आले आणि जर्मन बाईंना म्हटलं, ठरवायच्या आधी माझ्याबरोबर चला. त्यांनी विचारलं, कशानं. मी स्कूटरची किल्ली दाखवली. त्यांनी हेल्मेट मागितलं. जादा हेल्मेट नव्हतं, तेव्हा माझं त्यांना दिलं आणि मी तशीच निघाले.

गडमुडशिंगीत पोचलो तर घराचं दार उघडं, आत कुणी नाही. मी दोनच आठवड्यांपूर्वी पाहिलेलं घर ओळखू येईना. शिवणाचं यंत्र नव्हतं, टीव्ही नव्हता, खुंट्यांवरचे कपडे नव्हते. खोलीत एक पलंग, त्यावर कडक इस्त्रीची चादर, एक खुर्ची, एक टेबल आणि त्यावर प्लास्टिकची फुलं. एखाद्या लॉजची खोली असावी तशी. तसबिरी तेवढ्या जागच्या जागी होत्या. शेजारणीनं आम्हाला पाहिलं आणि गल्लीच्या तोंडाकडे बघून हाक दिली, “अगं ए, कालेजातल्या बाई आल्यात, आनी एक गोरी हाय बरोबर.”

दोन गल्ल्या पलीकडे चुलत्याचं घर होतं. तिथून सगळं कुटुंब धावत आलं. आईच्या हातात टेप तशीच होती. तिचं यंत्र चुलत्याच्या पडवीत नेऊन ठेवलं होतं आणि ती आठवडाभर तिथे गुरांशेजारी बसून ब्लाउज शिवत होती. वडिलांना दुपारच्या पाळीला जायचं होतं, ते डबा हातात घेऊनच आले. मी उभ्या उभ्या विचारलं, हे काय चाललंय.

वडील म्हणाले, “कालेजातनं फोन आलता, मॅडम. पावणीला स्वतंत्र खोली पायजे, न्हायतर पावणी हलवाय लागंल.”

“कुणाचा फोन?”

“हापिसातल्या क्लार्क साहेबांचा. पावणी यायच्या आदल्या दिशी.”

“मग मला एक फोन करायचा होता.”

ते डब्याकडे बघत म्हणाले, “तुम्ही आमच्यासाठी येवढं भांडला. तुम्हाला काय खोली न्हाय म्हणून सांगायचं?”

मला एवढा राग आला की क्षणभर कुणावर काढावा तेच कळेना. घर लहान आहे म्हणून समितीनं नाकं मुरडली, म्हणून या माणसांनी घरच मोकळं करून दिलं. त्यांच्या हिशेबानं हे बरोबरच होतं. आमच्याकडे लग्नाकार्यात पाहुण्यांना आतली खोली देऊन घरचे लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाऊन झोपतातच, आणि त्याची वाच्यता करत नाहीत. अट पाळायची म्हणून त्यांनी जी खरी अट होती, रात्री घरात मोठं माणूस, तीच नेमकी मोडली होती. हे सगळं मी इंग्रजीत जर्मन बाईंना सांगत असताना वडील बाजूला वळून खोकले. फाउंड्रीतला खोकला, कोरडा, तीन-चार ठोक्यांचा.

जर्मन बाईंनी मला हातानं थांबवलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. मग दाराबाहेर गेल्या. भिंतीला एक बाजलं उभं करून ठेवलं होतं आणि त्यावर घडी घातलेली गोधडी. बाजल्याकडे बोट करून त्यांनी मला विचारलं, हा माणूस इथे झोपतो?

वडील ओशाळले. “पोरी दोघीच आत. बाहेर कुणीतरी नगं व्हय?”

म्हणजे दुपारची पाळी संपवून रात्री आल्यावर हा माणूस नोव्हेंबरच्या थंडीत स्वतःच्या दाराबाहेर झोपत होता, आणि आत ज्या मुलीची राखण करत होता ती त्याच्याच भीतीनं दाराला खुर्ची लावून झोपत होती. मी हे तसंच्या तसं सांगितलं. जर्मन बाईंनी विचारलं, मग मुलीला सांगितलं का नाही? एका वाक्याचं काम होतं.

याचं उत्तर आजीनं दिलं. “पावणीला सांगत्यात व्हय, तुझ्यापायी आमी भायेर झोपतोय म्हणून? तिला घास गोड लागंल का?”

मी सांगितलं. जर्मन बाई म्हणाल्या, आमच्याकडे सांगतात.

आजी म्हणाली, “मग हिच्याकडं पावणं येतच नसतील.”

हे मी सांगितलं नाही.

आमची मुलगी एवढा वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. शनिवारच्या गाठीभेटी म्हणून ती पाहुणीला कॉलेजात सोडून घरी आली होती. वर्गात नकाशाला चूक म्हणणारी ही पोरगी, आणि तिला ‘बाहेर माझे वडील आहेत’ एवढं म्हणता आलं नव्हतं. मी तिला तेच ऐकवलं. ती म्हणाली, “पप्पांनी शपथ घातली होती, मॅडम.” मग तिनं विचारलं, “माझं रद्द झालं ना?”

ठरवणारी मी नव्हते. जर्मन बाई खोलीच्या मधोमध उभ्या राहून नजरेनं जागा मोजत होत्या. मग त्यांनी सांगितलं की त्यांना स्वतः पाहिल्याशिवाय हो म्हणता येणार नाही आणि नाहीही म्हणता येणार नाही. सगळं कुटुंब आज इथे झोपेल, पाहुणीही झोपेल आणि त्याही इथेच झोपतील.

मी हे मराठीत सांगितल्यावर आईनं दोन्ही हात गालांना लावले. आजी मात्र लगेच म्हणाली, “राहा की. एकीला घर दिलं, आता दुसरीला गल्ली देतो.”

“कुणी कुठं जायचं नाही,” मी म्हटलं. “सगळ्यांनी याच घरात. यंत्र आत आणा.”

वडील म्हणाले, मी बाहेरच बरा, खोकला आहे. आजी म्हणाली, “आत खोक.”

त्यांची पाळी बुडाली ती बुडालीच. चुलता आणि त्याची दोन पोरं यंत्र, टीव्ही आणि ट्रंका उचलून घेऊन आली. पलंग भिंतीला सरकवला तशी खोली पुन्हा घरासारखी दिसायला लागली, म्हणजे चालायला जागा उरली नाही. मी कॉलेजात परत जाऊन पाहुणीला घेऊन रिक्षात बसले. तिला वाटेत सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तिला हसू येईल. ती चिडली. आठवडाभर मला एकटीला का ठेवलं, असं तिनं मला विचारलं, जणू मीच ठेवलं होतं. “रिकामं घर तर माझ्याकडे घरीच आहे,” ती म्हणाली. आई-वडील दोघं कामावर, ती एकटी. म्हणून तर तिनं माणसांचं घर मागितलं होतं.

रविवारी सकाळी मी स्कूटर काढून पुन्हा गेले. जर्मन बाई कट्ट्यावर बसून चहा पीत होत्या, डोळे सुजलेले. रात्री आजी घोरत होती, पहाटे कोंबडा, आणि धाकट्या भावाचा पाय त्यांच्या पोटावर. त्यांनी मला इंग्रजीत अहवाल दिला. अटी पूर्ण आहेत. झोप झाली नाही, पण झोप ही अट नाही. जोडी कायम राहील. मग त्यांनी वडिलांकडे बघून खोकल्याचं काय म्हणून विचारलं आणि डॉक्टरला दाखवायला सांगितलं. वडिलांनी मान डोलावली, जशी सगळे पुरुष डोलावतात तशी.

मला वाटलं, आता सोमवारी तरी समितीत कुणाला लाज वाटेल. मी सरळ विचारलं, स्वतंत्र खोलीची अट कुणी घातली. चहाचे कप वाजत राहिले. अध्यक्ष म्हणाले, “गैरसमज झाला असेल, मॅडम. क्लार्क नवीन आहे.” तो क्लार्क माझ्याआधीपासून कॉलेजात आहे. त्याला गाठून विचारलं तर म्हणाला, मला सांगितलं ते मी केलं. कुणी सांगितलं, तर म्हणाला, मॅडम, माझी पोरं शिकतायत इथंच. मी त्याला सोडून दिलं. पण अध्यक्षांना सोडलं असं कुणी समजू नये. बैठकीच्या इतिवृत्तात माझा प्रश्न लिहून घ्यायला लावला. उत्तराची जागा अजून कोरी आहे.

निरोप समारंभात पुन्हा फलक, पुन्हा फेटे. गडमुडशिंगीच्या कुटुंबाला व्यासपीठावर बोलावलं गेलं आणि ज्यांनी त्यांना बेघर केलं त्यांच्याच हस्ते शाल-श्रीफळ देण्यात आलं. छोट्याशा घरातही मोठं मन असतं, असं अध्यक्ष भाषणात म्हणाले आणि टाळ्या घेऊन गेले. मी पहिल्या रांगेत बसून टाळी वाजवली नाही, एवढीच माझी बहादुरी. आजी खाली उतरल्यावर माझ्याजवळ येऊन बसली, शालीचा पोत बोटांनी चाचपला आणि म्हणाली, “ऊब हाय की हिला. महिनाभर आदी दिली असती तर पोरगं पांघरून झोपलं असतं.”

मुलगी मेमध्ये गेली. पासपोर्टाला, व्हिसाला आणि कॉलेजच्या एकेका सहीला मी किती हेलपाटे घातले ते लिहीत नाही, लिहिताना पुन्हा डोकं फिरेल. ती तिथे पोचल्यानंतर काही दिवसांनी तिचा व्हिडिओ कॉल आला. मी स्वयंपाकघरात होते. चेहरा उतरलेला.

“काय गं, जेवण जमत नाही का?”

“जेवण बरं आहे, मॅडम. पण त्यांनी मला वरच्या मजल्यावर एकटीला खोली दिलीय. जेवण झालं की सगळे गुड नाईट म्हणतात आणि आपापली दारं लावून घेतात. मला झोपच लागत नाही.”

तिच्या जोडीदारणीची खोली कुठे आहे, मी विचारलं. खालच्या मजल्यावर. म्हटलं, मग तिला सांग, मी तुझ्या खोलीत गादी टाकते.

“कसं सांगायचं? त्यांनी माझ्यासाठी खोली नवीन रंगवलीय. त्यांना वाईट वाटेल.”

मी गॅस बंद केला. म्हटलं, “तुझा बाप थंडीत बाहेर झोपला तो याच वाक्यापायी. आत्ता खाली जा आणि सांग. मी फोन चालू ठेवते.”

ती उठली. मला जिना दिसला, मग एक बंद दार, मग तिनं फोन खाली धरला आणि नुसती लाकडी जमीन दिसायला लागली. दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी फोटो आला: जोडीदारणीच्या खोलीत जमिनीवर दोन गाद्या, दोघींच्या. पलंग रिकामा होता.

इथे संपवता आलं असतं तर बरं झालं असतं. पण यंदा पुन्हा जर्मन मुलं यायची आहेत. सूचनाफलकावर कॉलेजनं उपक्रमाची माहिती लावली, मला न दाखवता, आणि त्यात चौथी अट छापली: ‘पाहुण्यासाठी स्वतंत्र खोली आवश्यक’. आता ती अफवा नाही, शिक्का मारलेली आहे. मी प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, मागच्या वेळी गोंधळ झाला ना, म्हणून स्पष्ट लिहिलं. जर्मन बाईंना मेल केला. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं, आमची अशी अट नाही आणि आम्हाला अशी अट नको आहे. ते छापून मी त्याच फलकावर टाचलं. दुपारपर्यंत ते गेलं. मी पुन्हा टाचलं. सध्या हे असंच चाललंय, सकाळी मी टाचते आणि दुपारी कुणीतरी काढतं.

अर्ज आले ते सगळे राजारामपुरी, ताराबाई पार्क, नागाळा पार्क इथले. अध्यक्षांची पुतणी यंदा बारावीला आहे, तिच्या धाकट्या भावाचा अर्ज सगळ्यात आधी आलाय. गडमुडशिंगीतून एकही नाही, आसपासच्या गावांतूनही नाही. पोरांना विचारलं तर म्हणतात, मॅडम, आमच्याकडे कुठली स्वतंत्र खोली? एकानं तर, चुलत्यांना विचारून बघतो, ते चार दिवस बाहेर जातील का, असं मला सांगितलं. मी त्याला तिथेच थांबवलं.

गडमुडशिंगीची ती मुलगीही आता बारावीला आहे. मी तिला फोन केला आणि म्हटलं, या रविवारी माझ्याबरोबर यायचं, घरोघर जाऊन लोकांना खऱ्या अटी सांगायच्या. तू सांगितलेलं ऐकतील. ती लगेच तयार झाली. मग म्हणाली, “पण मॅडम, आजीला बरोबर घेऊ या. आपण दोघी गेलो तर लोक आपल्यालाच पावणं समजून पलंग रिकामा करतील.”

आजी तयार आहे. स्कूटरवर तिघी बसता येत नाही, म्हणून रिक्षा सांगून ठेवली आहे.